बलराज साहनी : रेडिओतून आलेला आवाज

बलराज साहनी हे नाव घेतले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे बहुधा तीन चेहरे उभे राहतात. 'दो बीघा ज़मीन'मधला कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढणारा शंभू, 'काबुलीवाला'मधला सुकामेवा विकणारा रहमत आणि 'गर्म हवा'मधला आग्र्याचा जोड्यांचा कारखानदार सलीम मिर्झा. यातले काहीच ज्यांनी पाहिले नाही त्यांना निदान 'वक़्त'मधले लाला केदारनाथ तरी ठाऊक असतात. भर मैफलीत त्यांनी बायकोला उद्देशून म्हटलेले ते गाणे लग्नसमारंभांत अजून वाजते. गंमत अशी की, त्या गाण्यात समोर लाजत बसलेल्या अचला सचदेव याही मूळच्या रेडिओच्या. फाळणीपूर्वी लाहोरच्या रेडिओवर त्यांनी कामाला सुरुवात केली होती. कामिनी कौशल याही लाहोर रेडिओच्याच. पुढे रेडिओ सिलोनवरून सुनील दत्त आले आणि दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओवरून सईद जाफ़री निघाले, ते इंग्लंडच्या सिनेमा-टेलिव्हिजनपर्यंत पोहोचले. रेडिओ ही आपल्याकडे नटांची एक मोठी शाळा होती. तिचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही.

सिनेमाचा इतिहास चेहऱ्यांवरून लिहिला जातो, म्हणून बलराज साहनींची सुरुवातही १९४६ च्या 'धरती के लाल'पासून धरली जाते. पण त्याआधी सुमारे चार वर्षे हा माणूस लंडनमध्ये मायक्रोफोनपुढे बसत होता. तिथे त्याला चेहरा नव्हता, कपडे नव्हते, जात-धर्म दाखवणारी टोपी किंवा पगडी नव्हती. होता तो फक्त आवाज, आणि तोही दुसऱ्याच्या कामासाठी दिलेला. सलीम मिर्झाकडे जाणारी वाट तिथूनच सुरू होते असे आम्हाला वाटते. ती वाट महाराष्ट्रातून दोनदा जाते, एकदा वर्ध्याजवळच्या सेवाग्रामवरून आणि एकदा भिवंडीवरून.

जन्म १ मे १९१३ रोजी रावळपिंडीचा. मूळ नाव युधिष्ठिर. घर आर्यसमाजी, व्यापारी. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून त्यांनी इंग्रजी साहित्याचे एम.ए. केले. त्या काळात या कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक म्हणून अहमद शाह बुखारी, म्हणजे आपले 'पतरस' यांचा दबदबा होता. उर्दू शाळांत पतरसचे विनोदी लेख आम्ही अजून शिकवतो आणि मुले खरोखर हसतात. अभ्यासक्रमातला विनोद वाचून मुले हसणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे मास्तर मंडळींना सांगायला नको. हेच पतरस पुढे ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख झाले आणि त्यांचे धाकटे बंधू झुल्फिकार अली बुखारी हेही रेडिओतच मोठ्या हुद्द्यावर होते. तेव्हा लोक थट्टेने म्हणत की, बी.बी.सी. म्हणजे 'बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन'. धाकट्या बुखारींची आणि बलराज यांची गाठ पुढे लंडनला पडायची होती.

१९३६ मध्ये दमयंती यांच्याशी लग्न झाले. बापाच्या धंद्यात मन रमले नाही. १९३७ मध्ये नवरा-बायको शांतिनिकेतनला गेले. तिथे बलराज इंग्रजी आणि हिंदी शिकवीत. म्हणजे नट होण्याआधी हा माणूस मास्तर होता, ही आमच्या दृष्टीने अभिमानाची बाब. तिथेच रवींद्रनाथांनी त्यांना मातृभाषेत, म्हणजे पंजाबीत लिहिण्याचा सल्ला दिला. त्या वेळी तो फारसा मनावर घेतला गेला नाही. कित्येक वर्षांनी घेतला गेला आणि मग शूटिंगच्या ठिकाणीही गुरुमुखीचा टाइपरायटर बरोबर राहू लागला.

शांतिनिकेतनहून हे जोडपे सेवाग्रामला आले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली होती, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'नई तालीम'ची योजना पुढे आली. बी.एड.च्या परीक्षेसाठी 'वर्धा योजना' आम्ही सर्वांनीच पाठ केली आहे : मातृभाषेतून शिक्षण, हस्तव्यवसाय, स्वावलंबन, सात ते चौदा वयोगट. त्या योजनेच्या 'नई तालीम' या पत्रिकेच्या कामात बलराज साहनी होते, हे मात्र कोणत्याही गाइडमध्ये छापलेले आमच्या पाहण्यात नाही. हे काम ज्या संस्थेचे होते तिचे नाव हिंदुस्तानी तालीमी संघ. 'हिंदुस्तानी' हा शब्द तिथे मुद्दाम होता. नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत लिहिता येईल, बाजारातल्या माणसाला कळेल, अशी भाषा गांधीजींना हवी होती.

तेवढ्यात लायोनेल फील्डेन सेवाग्रामला येऊन गेले. हिंदुस्तानातल्या सरकारी रेडिओचे हे पहिले इंग्रज प्रमुख. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव १९३६ मध्ये पडले ते त्यांच्याच कारकिर्दीत. महायुद्ध सुरू झाले होते आणि लंडनहून हिंदुस्तानसाठी कार्यक्रम करायला बी.बी.सी.ला माणसे हवी होती. फील्डेन यांनी बलराज यांना विचारले. बलराज यांनी गांधीजींची परवानगी घेतली आणि ते निघाले. स्वतः गांधीजी रेडिओच्या स्टुडिओत आयुष्यात एकदाच गेले, नोव्हेंबर १९४७ मध्ये, कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलायला. पण आश्रमातला तरुण रेडिओवर जातो म्हटल्यावर त्यांनी अडवले नाही.

बी.बी.सी.ची हिंदुस्तानी सेवा ११ मे १९४० रोजी सुरू झाली. तिची सूत्रे धाकट्या बुखारींकडे होती. हीच सेवा पुढे हिंदी आणि उर्दू अशी दोन झाली. आमच्याकडचे वडीलधारे संध्याकाळी ट्रान्झिस्टर कानाला लावून 'सैरबीन' ऐकत, ती त्याच झाडाची फांदी. बलराज तिथे निवेदक होते. बातमीपत्र, संवाद, नाट्यरूपांतर असे सगळे काम करावे लागे. वर बॉम्ब पडत होते. ऑक्टोबर १९४० मध्ये खुद्द ब्रॉडकास्टिंग हाउसवरच बॉम्ब पडला. पूर्वेकडील देशांसाठीच्या विभागात १९४१ पासून जॉर्ज ऑर्वेल काम करीत होते. त्या विभागातून १९४२ मध्ये 'नाटक स्वतः करून पाहा' अशा धर्तीची इंग्रजी मालिका गेली. तिच्यात बलराज आणि दमयंती हिंदुस्तानातल्या हौशी मंडळींना नाटक कसे बसवावे ते समजावून सांगत. ज्याला पुढे कॅमेऱ्यापुढे उभे राहताना घाम फुटणार होता, तो रेडिओवरून इतरांना अभिनय शिकवीत होता.

इथे एक अवघड जागा आहे आणि बलराज यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण ती घाईने ओलांडतात. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना अटक झाली आणि त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले गेले. महादेवभाई तिथेच गेले, कस्तुरबाही १९४४ मध्ये तिथेच गेल्या. ज्या माणसाने सेवाग्रामच्या कुटीत परवानगी मागितली होती, तो त्या वेळी लंडनमध्ये ब्रिटिश सरकारच्या युद्धकाळातल्या रेडिओवर हिंदुस्तानीत बोलत होता. शब्द दुसऱ्याने मंजूर केलेले, त्यावर सेन्सॉरचा शिक्का, आणि आवाज आपला. फॅसिझम हरलाच पाहिजे हे तर खरे होते. पण ज्या सरकारच्या वतीने ते सांगायचे, त्याच सरकारने गांधीजींना कोंडले होते. ऑर्वेललाही हे काम सलत होते; १९४३ च्या अखेरीस तो बी.बी.सी.तून बाहेर पडला. बलराज याच काळात मार्क्सवादाकडे वळले, सोव्हिएत चित्रपट पाहू लागले आणि १९४४ मध्ये मायदेशी परतले.

या चार वर्षांनी त्यांना काय दिले? मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. ओरडून चालत नाही. ऐकणारा हजारो मैलांवर असला तरी तो शेजारी बसला आहे असे धरून बोलावे लागते. त्या काळचे आपले नट पारशी थिएटरच्या परंपरेतून आलेले, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज फेकणारे. सिनेमात आल्यावरही त्यांची ती सवय सुटली नाही. आम्ही वर्गात मुलांना 'बुलंद आवाज़ से पढ़ो' असे सांगतो आणि मुले अर्थ बाजूला ठेवून नुसती किंचाळतात, तसा काहीसा तो प्रकार. बलराज यांचा आवाज कोणत्याही चित्रपटात काढून ऐका, तो चढत नाही. रागाच्या वेळी तर आणखी खाली जातो. वाक्याच्या मध्ये ते थांबतात आणि त्या थांबण्यात माणूस विचार करताना ऐकू येतो. ही रेडिओची कमाई आहे असे आमचे मत आहे.

पण आवाज तयार झाला तरी शरीर तयार नव्हते. मुंबईला आल्यावर ते 'इप्टा'त, म्हणजे १९४३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जननाट्य संघात शिरले. ख्वाजा अहमद अब्बास यांचे 'ज़ुबैदा' हे नाटक त्यांनी बसवले. साथीच्या रोगात लोकांच्या सेवेसाठी बुरखा बाजूला ठेवून घराबाहेर पडणाऱ्या मुस्लीम मुलीची ती गोष्ट आहे. १९४४ सालची. मुस्लीम स्त्रीवरचे नाटक म्हणजे तवायफ किंवा बेगम, असा हिशेब ज्यांच्या डोक्यात पक्का आहे त्यांनी हे साल लक्षात ठेवावे. त्याच मुंबईत, त्याच चळवळीत, आपले शाहीर अमर शेख होते. बार्शीचे हे मेहबूब पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या साथीने त्यांचे लाल बावटा कलापथक गिरणगाव गाजवीत होते. लंडनच्या स्टुडिओतून आलेल्या माणसाला लोकांपुढे उभे राहणे म्हणजे काय ते या वातावरणात कळले असावे.

'धरती के लाल' १९४६ मध्ये आला. बंगालच्या दुष्काळावरचा हा चित्रपट इप्टाचाच. १९४७ मध्ये दमयंती वारल्या. पदरी दोन लहान मुले. पुढे मोर्चा, अटक, तुरुंग. 'हलचल' या चित्रपटाच्या वेळी तर तुरुंगातून परवानगी काढून ते शूटिंगला येत, आणि भूमिका जेलरची! 'हम लोग'च्या सेटवर पहिल्या दिवसांत अंग लाकडासारखे होई, हे त्यांनी स्वतः आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. रेडिओवर हातपाय कुठे ठेवायचे हा प्रश्नच नसतो, कॅमेऱ्यापुढे तोच पहिला प्रश्न असतो. दरम्यान पोटासाठी लेखणीही चालवली. १९५१ च्या 'बाज़ी'ची पटकथा आणि संवाद त्यांचे आहेत.

'दो बीघा ज़मीन'साठी बिमल रॉय यांच्याकडे ते सुटाबुटात गेले तेव्हा बिमलदांना हा माणूस शेतकरी वाटेचना. मग बलराज जोगेश्वरीच्या तबेल्यांत उत्तर भारतीय गवळ्यांमध्ये जाऊन बसू लागले. ते कसे बसतात, गमछा कसा गुंडाळतात, कसे चालतात हे पाहू लागले. कलकत्त्याला रिक्षा ओढायला शिकले. तिथे त्यांना एक उतारवयाचा बिहारी रिक्षावाला भेटला. त्याची जमीन सावकाराकडे अडकलेली, म्हणजे चित्रपटाची गोष्टच तो जगत होता. त्यानंतर अभिनयाची सगळी पुस्तके आपण बाजूला ठेवली, असे त्यांनी नमूद केले आहे. चित्रपट १९५३ मध्ये प्रदर्शित झाला, १९५४ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. पुढची पंधरा-वीस वर्षे आपल्या वाचकांना माहीत आहेत. 'सीमा', 'गरम कोट', 'अनुराधा', 'हक़ीक़त', 'दो रास्ते'. १९५७ मध्ये 'लाल बत्ती' हा एकच चित्रपट दिग्दर्शित केला. १९६९ मध्ये पद्मश्री. यात बरेच सामान्य चित्रपटही आहेत, मोठ्या भावाच्या ठरीव भूमिकाही आहेत. घर चालवायचे होते. जुहूला बांधलेल्या घराचे नाव त्यांनी 'इकराम' ठेवले होते.

१९६२ मध्ये ते पाकिस्तानात जाऊन रावळपिंडीचे घर पाहून आले आणि त्या प्रवासावर पंजाबीत पुस्तक लिहिले. हे घर ध्यानात ठेवले पाहिजे, कारण आता आपण भिवंडीकडे वळणार आहोत.

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल आपल्या चळवळीतल्या लोकांनी वर्षानुवर्षे हाताळला आहे. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव, उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांचे आणि कोकणी मुसलमानांचे. दंगलीनंतर बलराज भिवंडीला गेले. नट जातात तसे पाहणी करून, फोटो काढून परतले नाहीत. मुस्लीम वस्तीत जाऊन काही दिवस राहिले. त्यांचे धाकटे बंधू भीष्म साहनी दिल्लीहून मुंबईला आले होते. बलराज आणि अब्बास यांच्याबरोबर तेही भिवंडीला गेले. जळालेली घरे आणि राख झालेले माग पाहताना १९४७ मधल्या रावळपिंडीच्या आठवणी वर आल्या, असे भीष्मजींनी लिहून ठेवले आहे. दिल्लीला परतल्यावर त्यांनी कागद घेतला आणि 'तमस' सुरू झाली. ती १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली, १९७५ मध्ये तिला साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. फाळणीवरची एवढी मोठी कादंबरी आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या एका गावामुळे लिहिली गेली, ही गोष्ट मराठी वाचकांनी फारशी लक्षात घेतलेली नाही.

त्याच सुमारास एम. एस. सथ्यू 'गर्म हवा'ची जुळवाजुळव करीत होते. इस्मत चुग़ताई यांची अप्रकाशित कथा, पटकथेत शमा ज़ैदी आणि कैफ़ी आज़मी. कैफ़ींनी कानपूरच्या चर्मकामगारांत काम केले होते, त्यामुळे जोड्यांच्या कारखान्याचा वास संवादांत उतरला. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचे अडीच लाख कर्ज, बाकी उसनवारी. सलीम मिर्झाच्या बायकोची भूमिका शौकत कैफ़ी यांनी केली, ज्या मूळच्या हैदराबादच्या, म्हणजे एका अर्थी आपल्याच जुन्या संस्थानाच्या. शूटिंग आग्र्याला खऱ्या हवेलीत झाले.

आता रेडिओचा धागा पुन्हा हातात येतो. पैसे नसल्यामुळे शूटिंगच्या वेळी आवाज मुद्रित करण्याची सामग्रीच नव्हती. कॅमेरा होता तोही उसना, आणि चित्रीकरण मुके झाले. सगळे संवाद नंतर मुंबईला स्टुडिओत, मायक्रोफोनपुढे उभे राहून भरले गेले. हवेली सोडायला नकार देणारी म्हातारी आई ज्या बदर बेगम यांनी केली, त्या आग्र्यातच सापडलेल्या वृद्धा होत्या; त्यांना आवाज दिला दीना पाठक यांनी. म्हणजे आपण पडद्यावर जे ऐकतो ते एका अर्थाने रेडिओ-नाटक आहे, चित्र त्याला आधीच मिळालेले. अशा कामाला बलराज यांच्याइतका तयारीचा माणूस दुसरा कोण मिळाला असता?

सलीम मिर्झाचा आवाज ऐकताना आम्हाला आणखी एक गोष्ट जाणवते. त्याआधीच्या 'मुस्लीम सोशल' म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटांत, म्हणजे 'चौदहवीं का चाँद', 'मेरे महबूब' यांत, मुसलमान म्हणजे शेरवानी, शेरोशायरी आणि 'आदाब अर्ज़ है'. तो सकाळी कामावर जाताना दिसत नाही. सलीम मिर्झा बँकेत कर्ज मागतो. घर भाड्याने मागायला गेला की नाव ऐकून दार बंद होते. त्याची उर्दू सजवलेली नाही, कारण ती दाखवण्यासाठी नाही, बोलण्यासाठी आहे. बलराज पंजाबी माणूस. 'क़ाफ़', 'ख़े' घासून-पुसून दाखवण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. त्यांनी तो टाळला. आमच्या जालन्यात घरोघरी जी बोली चालते ती दखनी, 'हौ' आणि 'नक्को'ची. आग्र्याची ज़बान आम्हाला पुस्तकातच भेटते. तरीही हा म्हातारा परका वाटत नाही.

त्याचे कारण केवळ अभिनयात नाही. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य संपले आणि मराठवाडा भारतात आला. मुक्ती ही मुक्तीच होती. रझाकारांनी जे केले ते कोणी नाकारू नये. पण त्यानंतरच्या दिवसांत सामान्य मुसलमानांवर जे गुजरले ते सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे, आणि तो अहवाल कितीतरी दशके लोकांपुढे आला नाही. उर्दू दफ्तराची भाषा राहिली नाही, कारकून आणि मास्तर यांच्या नोकऱ्या गेल्या, कुटुंबातला एक भाऊ कराचीला तर एक इथेच असे झाले. 'गर्म हवा'तल्या आग्र्यासारखीच ही गोष्ट, फक्त हवेलीच्या जागी मातीची घरे. जे राहिले ते का राहिले, हे आमच्या आजोबांच्या पिढीने कधी शब्दांत सांगितले नाही. सलीम मिर्झाही फारसे सांगत नाही. अल्लाहवर भरोसा ठेवून कामाला लागतो, मार खातो, पुन्हा कामाला लागतो.

आणि हे सगळे करणारा नट स्वतः कोण? रावळपिंडीचे घर गमावलेला हिंदू. चित्रपटात मिर्झांची हवेली विकत घेणारा सिंधी निर्वासित व्यापारी आहे, ती भूमिका ए. के. हंगल यांची. हंगलही १९४९ पर्यंत कराचीत होते, तिथला तुरुंग सोसून मुंबईला आलेले. खऱ्या आयुष्याचा हिशेब केला तर बलराज यांची जागा त्या व्यापाऱ्याच्या शेजारी होती, मिर्झाच्या गादीवर नव्हती. घर जाण्याचे दुःख त्यांनी सरहद्दीच्या एका बाजूला भोगले आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला दिले. भिवंडीत राहून आल्यानंतर तीनच वर्षांच्या आतली ही भूमिका आहे, हेही विसरता येत नाही. १९४२ मध्ये लंडनला त्यांचा आवाज दुसऱ्याच्या सत्तेसाठी वापरला गेला होता. इथे तो त्यांनी स्वतःहून दुसऱ्याला देऊ केला.

त्यात घरचे दुःख भरीला पडले. १९७२ मध्ये त्यांची तरुण मुलगी गेली. चित्रपटात मिर्झांची मुलगी आमिना आपला जीव देते, आणि बाप खोलीच्या दारात येऊन उभा राहतो. रडत नाही, ओरडत नाही. त्या प्रसंगात आवाजाचे काहीच काम नाही.

डबिंगचे काम १९७३ च्या एप्रिलमध्ये झाले. माणसाने एकटे किती दिवस जगायचे, अशा अर्थाचे मिर्झांचे वाक्य त्यांनी मायक्रोफोनपुढे म्हटले. काम संपवून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकाराने वारले. वय साठीला पोहोचायला तीन आठवडे कमी. चित्रपट दंगल घडवील या भीतीने सेन्सॉरकडे कित्येक महिने अडकून पडला. सुटला तेव्हा दंगल कुठेच झाली नाही. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तयार झालेला चित्रपट बलराज यांनी पाहिलाच नाही. दुरुस्त केलेली प्रत २०१४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागली, तेव्हा आमच्या वयाच्या पुष्कळांनी तो पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. बलराज यांच्या हातात सहा महिने होते, त्यामुळे टेलिव्हिजन त्यांच्या वाट्याला आले नाही. ते आले धाकट्या भावाच्या वाट्याला. गोविंद निहलानींनी 'तमस'वर मालिका केली आणि जानेवारी १९८८ मध्ये ती दूरदर्शनवर सुरू झाली. लगेच ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज गेला, स्थगितीही मिळाली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. त्या मालिकेत चहाचे दुकान चालवणारा म्हातारा शीख हरनामसिंग आहे. गाव सोडून बायकोसह रात्रभर चालत तो एका अनोळखी घराचे दार ठोठावतो. घर मुसलमानाचे निघते, आणि घरातली बाई राजो त्या दोघांना आत घेते. राजो केली सुरेखा सीकरी यांनी, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हातारी दीना पाठक यांनी केली, ज्यांनी 'गर्म हवा'त मिर्झांच्या आईला आवाज दिला होता. आणि हरनामसिंगच्या पगडीखाली स्वतः भीष्म साहनी होते.